मूळ सत्तेची किल्ली

खिशांतल्या फोनची पावती आपल्या नांवाची असते, त्याचे पैसे आपण मोजलेले असतात, आणि तो हरवला तर रुखरुखहि आपल्यालाच लागते. तथापि त्या यंत्राच्या अंतर्भागीं एक अधिकारस्थान असें असतें कीं, जेथें धन्यालाच मज्जाव असतो. त्या स्थानाला संगणकाच्या परिभाषेंत ‘रूट’ म्हणतात. अँड्रॉइड पद्धतीच्या फोनवर हा अधिकार मिळविणें, आणि प्रत्येक नव्या अपडेटनंतर तो टिकविणें, यांसाठीं २००८ सालापासून जी चढाओढ चालू आहे तिचा वृत्तान्त आज सांगावयाचा आहे. त्यांत बंडें आहेत, तह आहेत, तटबंदी आहे. आणि ज्या प्रश्नावरून हें सारें घडलें तो प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. विकत घेतलेल्या वस्तूचा धनी कोण, हाच तो प्रश्न.

प्रथम या शब्दाचें कूळ पाहूं. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची कार्यप्रणाली घडविण्यास आरंभ केला. तिच्यांत सर्व फाइली एखाद्या वृक्षाच्या फांद्यांप्रमाणें एका मुळापासून फुटलेल्या असतात. त्या मुळाचा जो अधिकारी तो रूट. त्याचा क्रमांक शून्य. सामान्य माणसाला आपल्यापुरत्या फाइलींना हात लावतां येतो, रूटला मात्र कोणतेंच दार बंद नसतें. गरजेपुरतें रूट होतां यावें म्हणून ‘एसयू’ नांवाची आज्ञा होती. तिच्या मागें रिची यांची एक युक्ति होती. कार्यक्रमाच्या फाइलीवर एक विशिष्ट खूण करून ठेवली, कीं तो कार्यक्रम कोणीहि चालविला तरी अधिकार मात्र त्या फाइलीच्या मालकाचे चालतात. या खुणेचें पेटंट रिची यांना १९७९ सालीं मिळालें. श्रोत्यांनीं ही खूण ध्यानांत ठेवावी. पुढें ती पुनः भेटणार आहे.

१९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स रचिलें, तेव्हां हीच व्यवस्था त्यांत आली. आणि लिनक्सच्या पायावर अँड्रॉइड उभें राहिलें. मात्र अँड्रॉइडच्या कर्त्यांनीं जुन्या व्यवस्थेचा नवा उपयोग केला. पूर्वीं निरनिराळ्या माणसांना जे निरनिराळे क्रमांक मिळत, ते आतां निरनिराळ्या ॲपांना मिळूं लागले. जुन्या वाड्यांत पांचपंचवीस बिऱ्हाडें असावीं, प्रत्येकाची खोली निराळी आणि कुलूपहि निराळें, तशी ही रचना. एखादें ॲप लबाड निघालें तरी त्याला शेजारच्या खोलींतील पत्रें वाचतां येऊं नयेत, हा तिचा हेतु. आणि तो स्तुत्यच आहे. परंतु या वाड्यांत वाडा विकत घेणारा गृहस्थहि एक बिऱ्हाडकरूच ठरला! ‘एसयू’ ही आज्ञा विक्रीच्या फोनांतून वगळलेली होती.

या पद्धतीचा पहिला फोन, टी-मोबाइल जी-वन, ऑक्टोबर २००८ मध्यें अमेरिकेंत विक्रीस आला. महिनाहि लोटला नव्हता तोंच त्यांतील एक विलक्षण दोष उघडकीस आला. कळफलकावर जें जें लिहावें तें तें, पडद्यामागें रूटच्या अधिकारानें बसलेल्या एका आज्ञावाचकाच्याहि कानीं जात होतें. मित्राशीं लेखी गप्पा मारतांना ‘रीबूट’ एवढाच इंग्रजी शब्द लिहून पुढची ओळ घेतली, तर फोन खरोखरच बंद होऊन पुनः सुरू होई. अर्थात् या वाटेनें ज्याला पाहिजे त्याला रूट होतां येऊं लागलें. गूगलनें तत्परतेनें ‘आरसी-३०’ ही दुरुस्त आवृत्ति धाडली व भगदाड बुजविलें.

येथेंच आपल्या विषयाचा उत्तरार्ध जन्मास आला. दुरुस्ती स्वीकारावी तर हातीं आलेली सत्ता जाते; नाकारावी तर फोन सदोष राहतो. या पेंचांतून कांहीं हौशी जाणकारांनीं वाट काढली. अपडेट बसविण्याचें काम फोनमधील ‘रिकव्हरी’ नांवाचा एक लहानसा विभाग करतो, आणि निर्मात्याची सही पटल्यावांचून तो कोणतेंहि अपडेट आंत घेत नाहीं. या मंडळींनीं फोन जुन्या आवृत्तीवर आणून रूट मिळविलें, त्या पहारेकऱ्याच्या जागीं आपला पहारेकरी बसविला, आणि मग आरसी-३० चीच एक सुधारलेली प्रत आंत घेतली. तींत दोष दुरुस्त झालेला होता, परंतु ‘एसयू’हि शाबूत होती. दुरुस्ती घ्यावयाची, पण किल्ली द्यावयाची नाहीं, हें धोरण तेव्हांपासून आजतागायत चालत आलें आहे.

पुढील दोनतीन वर्षें भगदाडें शोधण्याचीं होतीं. २०१० सालीं गाजलेली एक युक्ति नमुन्यादाखल सांगतों. संगणकाशीं बोलणारा फोनमधील एक सेवक प्रथम रूट म्हणून उठे आणि मग आपण होऊन सामान्य पदावर उतरे. एका वेळीं किती कार्यें चालावीं याला मर्यादा असते. ती मर्यादा आधींच भरून ठेवली तर त्याचें पायउतार होणें फसे. आणि तें फसलें कीं साधलें, हें तो तपासून पाहत नसे. परिणामीं तो रूटच राहून जाई. युक्ति बुद्धिमान् होती यांत शंका नाहीं. पण मार्च २०११ मध्यें तिची दुसरी बाजू दिसली. ‘ड्रॉइडड्रीम’ नांवाच्या घातक कार्यक्रमानें हीच युक्ति वापरून लोकांच्या फोनमध्यें शिरकाव केला. गूगलला आपल्या बाजारांतून पन्नासांहून अधिक ॲपें काढावीं लागलीं, आणि लोकांच्या फोनमधूनहि तीं दूरवरूनच पुसून टाकावीं लागलीं. ज्या छिद्रांतून धनी घरांत शिरतो, त्याच छिद्रांतून चोरहि शिरतो, हा या इतिहासांतला पहिला धडा होय.

या धड्याचें उत्तर मात्र तत्पूर्वींच कोणी तरी देऊन ठेवलें होतें. जानेवारी २०१० मध्यें निघालेल्या नेक्सस वन या फोनचें आरंभ-कुलूप कोणाहि खरेदीदाराला एका आज्ञेनें उघडतां येत असे. हमी जाईल, अशी ताकीद पडद्यावर येई. ती मान्य केली म्हणजे झालें. कुलूप उघडतांच फोनमधील सर्व खासगी मजकूर पुसला जाई. तेव्हां चोराला त्या वाटेनें कोणाचीं पत्रें वाचतां येत नसत. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें स्वामित्वहक्काच्या कायद्यांतून अशा फोन-मुक्तीला सूट दिली. जेथें हें राजरोस दार होतें, तेथें भिंत फोडण्याचें प्रयोजनच उरलें नाहीं.

आतां ‘टिकविणें’ या अंगाकडे वळूं. सुरुवातीचें अपडेट म्हणजे एक प्रकारची झाडाझडती असे. तें येतांना सर्व फाइलींचे अधिकार नव्यानें ठरवी, आणि त्या भरांत ‘एसयू’च्या फाइलीवरील ती रिचींची खूण पुसून टाकी. फाइल जागेवर राही, पण तिच्यांतला प्राण गेलेला असे. यावर ‘रूटकीपर’ नांवाचें ॲप निघालें. तें ‘एसयू’ची एक प्रत न बदलणारी म्हणून मोहोरबंद करून दडवून ठेवी आणि अपडेटनंतर तिच्यावरून रूट परत मिळवी. घरांतल्या घरांत किल्ली पुरून ठेवण्यासारखाच हा प्रकार होता.

परंतु तटबंदी वाढत गेली. २०१३ सालच्या अँड्रॉइड ४.३ मध्यें ॲपांपुरती ती खूणच निरुपयोगी करण्यांत आली. तेव्हां आरंभापासून जागा राहणारा एक सेवक ठेवून ‘सुपरएसयू’नें काम भागविलें. २०१४ सालच्या ५.० या आवृत्तींत दोन मोठे फरक झाले. एक म्हणजे ‘एसई-लिनक्स’ची शिस्त सर्वत्र सक्तीची झाली. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी असत. एकट्याच्या हातीं गड राहूं नये, हा त्यांतला हेतु. तद्वत् येथें नुसतें रूट असणें पुरेसें राहिलें नाहीं. कोणत्या कार्याला कोठें हात लावतां येईल हेंहि निराळें लिहून ठेवलेलें असूं लागलें. दुसरा फरक असा कीं, अपडेट आतां फाइलींऐवजीं साऱ्या विभागाचा कण न् कण ताडून पाहूं लागलें. प्रणालीच्या विभागांत एक अक्षर बदललेलें आढळलें तरी तें बसत नसे. २०१६ च्या ७.० पासून तर बंद कुलुपाचा फोन फेरफार आढळल्यास सुरू होण्याचेंच नाकारूं लागला.

घरांत किल्ली पुरण्याचे दिवस संपले. मग शोध लागला तो उंबरठ्याचा! २०१५ मध्यें सुपरएसयूच्या कर्त्यानें, आणि २०१६ मध्यें तैवानच्या जॉन वू या तरुणानें ‘मॅजिस्क’ या नांवानें, प्रणालीच्या विभागाला मुळींच न शिवणारी रीत काढली. फोन सुरू होतांना जो लहानसा आरंभ-विभाग प्रथम वाचला जातो, तेवढ्यांतच बदल करावयाचा. मग फोन चालू असेतोंपर्यंत मूळ भिंतीवर रंगविलेला पडदा सोडावा तसे नवे देखावे दिसतात. पडद्यामागील भिंत जशीच्या तशी असते. नव्या धाटणीच्या पुष्कळ फोनांत प्रणालीचे दोन संच असतात. एक चालू असतां अपडेट दुसऱ्यांत बसतें. तेथें मॅजिस्कची रीत अशी: प्रथम आरंभ-विभाग मूळच्यासारखा करावा, अपडेट बसूं द्यावें, पण फोन पुनः सुरू करण्यापूर्वीं त्या दुसऱ्या संचांत मॅजिस्क बसवावें. सत्ता टिकविण्यासाठीं ती घटकाभर खालीं ठेवावी लागते, हें या पद्धतीचें मर्म. जो घाई करून आधींच फोन पुनः सुरू करतो, त्याचें रूट जातें.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. पुष्कळांना हौस असते, हें खरें. पण गरजहि असते. निर्माता कांहीं वर्षांनीं अपडेट देणें थांबवितो आणि धडधाकट यंत्र अडगळींत जातें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें असा टाकून दिलेला फोन, कुलूप उघडून व ‘लिनिएजओएस’ ही लोकांनीं चालविलेली प्रणाली घालून, मला वाचनासाठीं आणून दिला. या प्रणालीची पूर्वज सायनोजेनमॉड. तिचे कर्ते स्टीव्ह कॉन्डिक यांना गूगलनें २००९ मध्यें नोटीस धाडली होती. आक्षेप मुक्त प्रणालीवर नव्हता, तिच्यासोबत वाटलेल्या गूगलच्या खासगी ॲपांवर होता; तीं वगळतांच तंटा मिटला. पुढें या प्रणालीची कंपनी झाली आणि २०१४ मध्यें भारतापुरता तिचा अनन्य हक्क मायक्रोमॅक्सला देण्यांत आला. त्यावरून वनप्लसच्या फोनविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत दावा उभा राहिला. त्या फोनच्या भारतीय खरेदीदारांना अपडेटें मिळणार कीं नाहीं, असा प्रश्न तेव्हां उपस्थित झाला होता. किल्ली दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे आपल्या घराचा सौदा आपल्याला न विचारतां होऊं शकतो!

आज झगडा फोनच्या बाहेर गेला आहे. फोन अभंग आहे कीं नाहीं, याची साक्ष आतां गूगलच्या सेवेकडून मागितली जाते, आणि ती प्रतिकूल आली कीं बँकेचें ॲप उघडत नाहीं. धनी घरांत आहे, पण गांवानें त्याच्याशीं व्यवहार बंद केला आहे, अशी ही अवस्था. बँकेनें सावध राहावें, हें योग्यच आहे; इतरांची ठेव तिच्यापाशीं असते. परंतु मोहोर अभंग असणें आणि घर सुरक्षित असणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. वर्षानुवर्षें दुरुस्ती न मिळालेल्या फोनची मोहोर शाबूत असेल तर त्याला बहुधा प्रवेश मिळतो; ताज्या दुरुस्त्या घेतलेल्या पण धन्यानें उघडलेल्या फोनला मात्र पुष्कळदां दारांतूनच परतावें लागतें. येथें न्यायाचा तराजू कोठें तरी कलला आहे, असें मला वाटतें.

ज्याच्यापाशीं बँकेचे व्यवहार असलेला एकच फोन आहे, त्यानें रूटच्या नादीं लागूं नये, हें मी निःसंकोच सांगतों. सर्वाधिकार हातीं आले म्हणजे एका चुकीच्या संमतीनें ते दुसऱ्याच्या हातींहि जातात. पण किल्ली न फिरविणें निराळें आणि किल्लीच नसणें निराळें. म्हणून नवा फोन घेतांना रंग व छायाचित्रें यांबरोबर दुकानदाराला आणखी दोन प्रश्न विचारावे: अपडेटें किती वर्षें मिळणार, आणि तीं थांबल्यावर या यंत्राचें कुलूप मला उघडतां येईल काय? पहिल्याचें उत्तर हल्लीं मिळूं लागलें आहे. दुसरा प्रश्न विचारणारे जितके वाढतील, तितकें त्याचेंहि उत्तर द्यावें लागेल.