सिगारेटचं चलन: जर्मनी १९४५ ते १९४८

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. समजा उद्या नोटा चालेनाशा झाल्या, तर घरात देवाणघेवाणीसाठी काय असलेलं बरं? हल्ली अशा याद्या पुष्कळ फिरतात. मीठ, काडेपेट्या, सेल, औषधं, दारूच्या बाटल्या वगैरे. त्या करणाऱ्यांना आपण हसू नये. अशी वेळ खरोखर येऊन गेलेली आहे, आणि ती फार जुनी गोष्टही नाही. इथे बसलेल्या काही जणांचा तेव्हा जन्म झालेला होता.

मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली. शहरं ढिगाऱ्याखाली, रेल्वे मोडलेली. गंमत अशी की पैसा मात्र भरपूर होता. नाझी राजवटीने १९३६ सालीच भाव गोठवले होते, युद्धाचा खर्च नोटा छापून भागवला होता, आणि दोस्त राष्ट्रांनीही तेच भाव आणि तेच रेशन पुढे चालू ठेवलं. म्हणजे कागदावर पाव स्वस्त, पण दुकानात पावच नाही. १९२३ साली याच देशात नोटांची पोती घेऊन बाजारात जावं लागत होतं. या वेळी भाव वाढले नाहीत, मालच नाहीसा झाला. पैसा मरण्याचे हे दोन वेगळे प्रकार आहेत, त्यांची गल्लत करू नये.

मग चालायचं काय? अमेरिकन सिगारेट. काळ्या बाजारात एका सिगारेटला पाच-सात मार्क पडत, आणि कामगाराचा महिन्याचा पगार दीड-दोनशे मार्क. म्हणजे महिनाभर राबून दोन पाकिटंही नीट येत नसत. सिगारेटच का, हा प्रश्न आपल्याला महत्त्वाचा आहे. ती लहान, हलकी, सुटी मोजता येणारी, एकीसारखी दुसरी. पाकिटात टिकते. आणि मुख्य म्हणजे न ओढणाराही ती घेतो, कारण पुढचा घेणार याची त्याला खात्री असते. कार्ल मेंगर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने १८७१ सालीच मांडलं होतं की पैसा राजाज्ञेने जन्मत नाही. जी वस्तू सर्वांत सहज खपते, तीच हळूहळू पैसा होते.

याचा एक सुरेख पुरावा युद्धकैद्यांच्या छावणीतून आलेला आहे. आर. ए. रॅडफर्ड हा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जर्मनांच्या कैदेत होता. सुटल्यावर १९४५ च्या नोव्हेंबरात त्याने ‘इकॉनॉमिका’ या नियतकालिकात छावणीच्या अर्थव्यवहारावर लेख लिहिला. रेडक्रॉसच्या खोक्यांतून सगळ्यांना साधारण सारखाच माल मिळे: डबाबंद दूध, जॅम, लोणी, बिस्किटं, सिगारेटी. तरीही बाजार उभा राहिला, आणि भाव सिगारेटीत बोलले जाऊ लागले. चांगल्या सिगारेटी लोक ओढून टाकत आणि हलक्या व्यवहारात फिरवत. खोटं नाणं खऱ्याला हाकलतं म्हणतात, ते हेच. रात्री बाँबहल्ले झाले की माणसं धास्तीने जास्त ओढत, चलन धुरात जाई आणि भाव उतरत!

या लेखात आपली माणसंही भेटतात. छावणीत हिंदी सैनिकांचा वेगळा विभाग होता. एका पठ्ठ्याला उर्दू येत असे. तो शीख सैनिकांकडून मांस विकत घेई आणि त्यांना लोणी-जॅम विकी. पुढे इतरही या धंद्यात शिरले, तशी दोन्हीकडच्या भावांतली तफावत कमी होत गेली. त्या गृहस्थाने माल साठवला नव्हता. त्याचं भांडवल म्हणजे एक भाषा.

आता छावणीबाहेर येऊ, कारण तिथे सगळ्यांना सारखं खोकं मिळत नव्हतं. १९४६-४७ च्या कडक हिवाळ्यात शहरातली माणसं खच्चून भरलेल्या गाड्यांना लोंबकळत खेड्यात जात. याला जर्मनांनी ‘हॅमस्टर’वरून नाव दिलं, हा प्राणी गालात धान्य भरून बिळात नेतो. बरोबर चादरी, चांदीचे चमचे, कॅमेरे, गालिचे. परत येताना बटाटे, थोडी चरबी, नशीब असेल तर अंडी. शेतकऱ्यांच्या गोठ्यातही आता इराणी गालिचे अंथरलेत, असा विनोद तेव्हा रूढ होता.

इथे आपण जरा थांबू. गालिचा बटाट्याहून कमी मोलाचा का ठरला? ॲरिस्टॉटल म्हणतो, विनिमयाला बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे गरज. खरं आहे, पण गरजेला घड्याळही असतं, हे त्यात आलं पाहिजे. गालिचेवाल्याचं पोर आज उपाशी आहे. बटाटेवाला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकतो. जो थांबू शकतो तो भाव ठरवतो. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच दाखवलं. न्हाव्याची कला होती तिथेच होती, पण लोकांनी केस कापणं लांबणीवर टाकलं आणि तांदळाच्या हिशोबात हजामतीची किंमत कोसळली. आपल्याकडच्या बलुत्यात न्हाव्याला सुगीला धान्य मिळे, दर हजामतीला सौदा नसे. म्हणून बलुतेदारीला सरसकट वस्तुविनिमय म्हणणं आम्हाला पटत नाही. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती, हे मान्यच आहे. पण आजच्या आज भाव पाडून घेण्याची सक्ती तिथे नव्हती.

आणि ज्यांच्याकडे गालिचाही नव्हता? पूर्वेकडून हाकलले गेलेले सुमारे सव्वा कोटी जर्मन हातात गाठोडं घेऊन आले होते. ३१ डिसेंबर १९४६ रोजी कलोनच्या कार्डिनल फ्रिंग्ज यांनी प्रवचनात सांगितलं की प्राण आणि प्रकृती राखण्यापुरतं, श्रमाने वा मागून मिळतच नसेल, तर माणसाने घेतलं तरी चालेल. लोकांनी ते लगेच उचललं. रेल्वेचा कोळसा पळवण्याला त्यांच्या नावाचं क्रियापदच झालं!

रविवार, २० जून १९४८. पश्चिम जर्मनीत नवा मार्क आला, माणशी चाळीस, पुढे आणखी वीस. सोमवारी दुकानांच्या काचा भरलेल्या: भांडी, बूट, सायकली. हा माल रातोरात तयार झालेला नव्हता, तो गोदामांत होता. पुढच्या काळाची तयारी खरी कोणी केली होती, ते लोकांना त्या सकाळी दिसलं. बँकेत शंभर जुने मार्क ठेवणाऱ्याच्या हाती शेवटी साडेसहा आले; कारखाना, जमीन, माल असणाऱ्याचं काहीच गेलं नाही. त्यावर इतकी वर्षं वाद झाला की १९५२ साली तिथल्या संसदेने ओझं वाटून घेण्याचा कायदा केला. वाचलेल्या मालमत्तेच्या निम्म्या मूल्याइतका कर, हप्त्याहप्त्याने, बेघर आणि निर्वासितांसाठी. ती वसुली १९७९ पर्यंत चालली.