भोगवर्धनची यक्षी आणि यवन-रोमकांची मूर्तिकला

बुलढाण्याहून धाडवरून पश्चिमेस निघालें म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर केळणा नदीच्या कांठचें भोकरदन लागतें. प्राचीन लेखांतील भोगवर्धन तें हेंच. अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे मोगलाई ही सरहद्द फार मागाहूनची. सातवाहनांच्या अमदानींत हा सारा एकच टापू होता. भरहुत व सांची येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो, यावरून येथील लोक किती दूरवर जात असत हें ध्यानीं येईल. ग्रीक व रोमक कलेविषयीं लिहावयाचें असतां आम्ही या आडगांवापासून आरंभ करीत आहों, त्यास कारण आहे.

1938 सालीं इटलींतील पाँपेई येथें अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननांत एका घरांत हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. उंची सुमारें 25 सेंटिमीटर. अंगावर दागिन्यांखेरीज फारसें कांहीं नाहीं. दोहों बाजूंस दोन लहान दासी. मूर्ति हिंदी आहे याविषयीं पहिल्यापासूनच दुमत नव्हतें. व्हेसूव्हियसच्या राखेखालीं तें शहर इ. स. 79 मध्यें गडप झालें, तेव्हां मूर्ति त्यापूर्वींची हें उघड आहे. मायुरी यांनीं तिला लक्ष्मी म्हटलें. आम्हांस तें पटत नाहीं. हातीं कमळ नाहीं, अभिषेक करणारे हत्ती नाहींत. ही यक्षी म्हणावी, फार तर शृंगार करणारी नायिका. मस्तकांत छिद्र आहे, त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या लहान चौरंगाचा पाय असावी, असे दोन तर्क झाले आहेत. कांहीं असो, पूजेची वस्तु ती खास नव्हे.

ही मूर्ति आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. त्याच संग्रहालयांत पाँपेई येथेंच सांपडलेला संगमरवरी ‘भालाधारी’ उभा आहे. या दोघांस शेजारीं कल्पून पाहिलें म्हणजे यवनांच्या कलेची वाट चांगली उमगते. इ. स. पूर्व सहाव्या शतकांतील ग्रीक तरुणांच्या मूर्ति ताठ, समोर पाहणाऱ्या, डावा पाय पुढें टाकलेल्या, मिसरी धर्तीच्या असत. पांचव्या शतकाच्या आरंभीं शिल्पी एका पायावर भार देऊं लागले. त्याबरोबर कंबर कलली, खांदा उतरला, आणि दगडांत जीव आला. पॉलिक्लायटस यानें त्याच शतकाच्या मध्यास प्रमाणांचा ग्रंथ रचून हा ‘भालाधारी’ त्याचें उदाहरण म्हणून घडविला. पुढें लायसिपस यानें मस्तक लहान व देह सडसडीत करून तें प्रमाण बदललें. आमच्याकडील तालमानाशीं परिचित असलेल्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

परंतु पॉलिक्लायटसची मूळ मूर्ति आज कोणींही पाहिलेली नाहीं. ती कांशाची होती. अशा बहुतेक मूळ मूर्ति वितळून गेल्या. उरल्या त्या रोमक धनिकांनीं करवून घेतलेल्या संगमरवरी प्रती. जुन्या पोथ्या धुंडाळणाऱ्या आमच्या वाचकांस ही स्थिति ओळखीची वाटेल. मूळ पोथी गेली, प्रतीच्या प्रती हातीं आल्या. मग लेखकानें काय गाळलें, काय पदरचें घातलें, हें ताडून पाहावयाचें. ‘भालाधाऱ्या’च्या पायाशीं झाडाचा बुंधा आहे, तो असाच क्षेपक होय. कांशास आधार लागत नाहीं, संगमरवरास लागतो.

याच प्रतींची एक शाखा आमच्या मुलुखांतही येऊन पोहोंचली. कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडांत 1944-45 च्या सुमारास कांशाच्या वस्तूंचा सांठा मिळाला. त्यांत पोसायडन या समुद्रदेवाची लहान मूर्ति आहे. ती लायसिपसच्या परंपरेंतील एखाद्या नमुन्यावरून उतरली असावी, असें मानतात. पुढें 1945-46 मध्यें डेक्कन कॉलेजतर्फे सांकलिया व दीक्षित यांनीं तेथें रीतसर खणती केली. मूर्ति कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयांत पाहावयास मिळते. ती येथें आली, परंतु तिच्यावरून येथील शिल्प्यानें एकही मूर्ति घडविल्याचा दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं. कार्ले, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत यवनांचीं दानें आहेत. पण त्या लेण्यांतील छिन्नी अस्सल देशी आहे. यवनानें द्रव्य दिलें, कारागीर आणला नाहीं. गंधाराची गोष्ट निराळी. तेथील न्याय दक्षिणेस लावूं नये.

नाण्यांवर मात्र यवनांचा ठसा निःसंशय उमटला. 1906 सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांवर रौप्य नाणीं मिळालीं. पैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप मारलेला आहे. राजाचें मुख व भोंवतीं ग्रीक अक्षरें ही यवन राजांची रीत. पण नाण्या-नाण्यांवरील चेहरे इतके भिन्न कीं ते एकाच पुरुषाचे मानणें कठीण. अक्षरेंही पुढें पुढें नुसत्या रेघोट्या होतात. भाषा न जाणणाऱ्या लेखकानें उतरलेली पोथी अशीच दिसते.

आतां पुन्हा भोकरदनकडे वळूं. 1973 सालीं नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं देव व गुप्ते यांच्या नेतृत्वाखालीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन थरांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खालचा भाग निघाला. शेजारीं दासी, तीच धाटणी. तेव्हांपासून पाँपेईची यक्षी भोगवर्धनास घडली असावी, असें मत पुढें आलें. आम्हीही त्याच बाजूचे आहों. परंतु एक अडचण झांकून ठेवणें बरें नव्हे. पाँपेईच्या मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी लिपींतील ‘शि’ हें अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडील लिपि. यावरून मूर्ति तिकडचीच, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, भरहुतच्या तोरणावरही खरोष्ठी अक्षरें पाथरवटांच्या खुणा म्हणून आहेत. म्हणून भरहुत कोणी गंधारांत नेत नाहीं. कारागीर फिरते होते, व्यापारीही आपल्या मालावर खूण करीत. हा पुरावा नव्हे, केवळ शक्यता होय, हें आम्ही जाणतों.

तेर येथेंही अशीच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति रामलिंगाप्पा लामतुरे यांच्या संग्रहांत आली. कारागिरीनें ती भोकरदनच्या तुकड्याहून कितीतरी सरस. पण ती थरांतून काढलेली नसल्यामुळें काळाच्या वादांत तिची साक्ष तेवढी उपयोगी पडत नाहीं. पुष्पिका नसलेल्या पोथीसारखीच तिची गत. लामतुरे यांनीं ती जपली नसती तर तीही राहिली नसती, हेंही तितकेंच खरें. घाटाखालच्या व घाटावरच्या पांढरींतून माती शेतांत नेतांना जें कांहीं हातीं लागतें, तें कोणत्या पांढरीचें व किती हात खोलीवरचें, एवढें दोन ओळींत टिपून वस्तूबरोबर ठेवावें, अशी बुलढाणा जिल्ह्यांतील संग्राहकांस आमची विनंति आहे. भोकरदनच्या मूर्तीचा वरचा भाग त्या उत्खननांत निघाला नाहीं.