मानसशास्त्रज्ञांची आचारसंहिता

सल्ल्यासाठी आलेली व्यक्ती, विद्यार्थी किंवा संशोधनात सहभागी झालेले लोक यांच्याशी मानसशास्त्रज्ञाने कसे वागावे, हे सांगणारे लिखित नियम. संमती घेणे, गोपनीयता राखणे, स्वतःच्या पात्रतेबाहेरचे काम न करणे आणि समोरच्याच्या अगतिकतेचा फायदा न उठवणे, ही तत्त्वे बहुतेक देशांच्या संहितांत आढळतात. फरक आहे तो अंमलबजावणीत. नियम मोडणाऱ्याला जाब कोण विचारणार, याचे उत्तर देशागणिक बदलते.

भारतात हे उत्तर दिल्लीत मिळते, पण अर्धेच. भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने वैधानिक संस्था झाली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नावे तिच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असावी लागतात. ही परिषद आरोग्य खात्याची नाही. ती सामाजिक न्याय मंत्रालयाच्या दिव्यांगजन विभागाखाली येते. त्यामुळे नैराश्यावर उपचार करणारा तज्ज्ञ कायद्याच्या लेखी विशेष शिक्षक आणि श्रवणतज्ज्ञ यांच्या पंगतीत बसतो. नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. व्यावसायिक वर्तनाचे नियम घालून देण्याचा अधिकारही परिषदेला आहे.

गुरुग्राम-नोएडाच्या शाळांतले आणि कंपन्यांतले समुपदेशक, थेरपिस्ट किंवा लाइफ कोच मात्र सरसकट या नोंदवहीत येत नाहीत. क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञांचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्यात झाला. १९६८ साली स्थापन झालेल्या इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स या संघटनेची स्वतःची संहिता आहे. पण संघटनेची संहिता सदस्यांपुरती.

गोपनीयतेला खरा कायदेशीर आधार मिळाला तो २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद त्यात आहेत. संमतीशिवाय रुग्णाचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. उलट, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकाच्या लैंगिक छळाची माहिती कळताच पोलिसांना कळवणे सर्वांवर बंधनकारक केले. त्यामुळे अल्पवयीन मुलाला पहिल्याच भेटीत 'सगळे गुप्त राहील' असे वचन देता येत नाही.

संहिता आणि समाज यांची टक्करही दिल्लीने पाहिली. समलैंगिकतेवर 'उपचार' केल्याची तक्रार नाझ फाउंडेशन या संस्थेने २००१ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे नेली. आयोगाने ती दाखल करून घेतली नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे 'उपचार' हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. हा आदेश डॉक्टरांसाठी आहे. बिगर-डॉक्टर समुपदेशक या आयोगाच्या अखत्यारीत येत नाहीत. संमतीबाबतही न्यायालयाचाच शब्द निर्णायक ठरला: सर्वोच्च न्यायालयाच्या ५ मे २०१० च्या सेल्वी खटल्यातील निकालाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संशयिताच्या इच्छेविरुद्ध करण्यास मनाई केली.

इतर देशांच्या वाटा वेगळ्या. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पहिली संहिता १९५३ ची. सदस्यांकडून प्रत्यक्ष पेचप्रसंग मागवून ती बेतली गेली. याच संघटनेतील काही पदाधिकाऱ्यांनी कैद्यांच्या चौकशीबाबतच्या नियमांत अमेरिकेच्या संरक्षण खात्याशी संगनमत केल्याचे २०१५ च्या हॉफमन अहवालाने उघड केले. त्यानंतर राष्ट्रीय सुरक्षेसाठीच्या चौकशांत भाग घेण्यास सदस्यांना बंदी झाली. कॅनडाच्या १९८६ च्या संहितेने तत्त्वांना उतरंड दिली. संघर्ष उद्भवल्यास व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा मान सर्वसाधारणपणे पहिला. ब्रिटनमध्ये २००९ पासून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसारखी पदनामे कायद्याने संरक्षित आहेत. २००८ चा मानसशास्त्रज्ञांसाठीचा जागतिक जाहीरनामा चार समान तत्त्वे मांडतो; त्याला शिक्षेची तरतूद नाही.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावणाऱ्याकडे पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो विचारण्याचा आणि केंद्रीय नोंदवहीत पडताळून पाहण्याचा संकोच सल्ला घेणाऱ्याने करू नये.