'प्रोमोव्हेंडस' : विद्यार्थी की सेवक ?

नेदरलँड्समध्ये डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिणाऱ्यास 'प्रोमोव्हेंडस' ही लॅटिन संज्ञा आहे. तिची घडण संस्कृतातील कृत्य-प्रत्ययान्त शब्दांसारखी आहे. 'पूजनीय' म्हणजे ज्याची पूजा व्हावयाची तो. त्याचप्रमाणे 'प्रोमोव्हेंडस' म्हणजे ज्यास वरच्या पदवीस चढवावयाचे तो. क्रिया दुसऱ्याची, हा केवळ तिचा विषय, असा कर्मणी भाव या नावात आहे. प्रत्यक्षात प्रबंधाचे सारे श्रम मात्र त्याचेच असतात. मग तो शिकणारा मानावयाचा की काम करणारा, हा प्रश्न डच विद्यापीठांत गेली चार दशके वादाचा ठरला आहे.

पूर्वी अनेक संशोधक विद्यापीठात अध्यापन-साहाय्य करीत असता, नोकरीच्या ओघात प्रबंध लिहीत. त्यात कित्येक वर्षे जात. 1982 मध्ये उच्च शिक्षणाची द्विस्तरीय रचना अमलात आली आणि पहिल्या स्तराचा अभ्यासक्रम चार वर्षांचा ठरला. त्यानंतर निवडक पदवीधरांसाठी 1986 मध्ये 'शिक्षणाधीन साहाय्यक' हे पद निर्माण करण्यात आले. त्याची मुदत चार वर्षांची असे. या नावातच तडजोड होती : 'साहाय्यक' म्हणून वेतन द्यावयाचे, परंतु 'शिक्षणाधीन' म्हणून त्यातून काही भाग कापावयाचा. 2003 च्या नव्या पदवर्गीकरणात हे नाव मागे पडून 'प्रोमोव्हेंडस' हेच पदनाम रूढ झाले.

दरम्यान काही विद्यापीठांनी वेतनाऐवजी शिष्यवृत्ती देण्याचा मार्ग स्वीकारला होता. शिष्यवृत्तिधारकास सामूहिक वेतनकरार लागू होत नसे. अर्थात निवृत्तिवेतनाची तरतूद आणि बेकारीतील संरक्षण ही त्याच्या वाट्यास येत नसत. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठाच्या अशा संशोधकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 एप्रिल 2006 च्या निर्णयात न्यायालयाने कागदावरील नावापेक्षा वस्तुस्थितीस महत्त्व दिले. संशोधन हे विद्यापीठाचे स्वतःचेच कार्य. ते विद्यापीठाच्या देखरेखीखाली आणि मोबदला घेऊन केले जाते. तेव्हा हा सेवेचा करारच होय, असा त्या निर्णयाचा आशय होता.

वाद तेथे संपला नाही. शासनाने 2016 मध्ये विशेष आदेशान्वये 'डॉक्टरेटचा विद्यार्थी' हा वर्ग मर्यादित मुदतीच्या प्रयोगादाखल निर्माण केला. त्यात ग्रोनिंगेन विद्यापीठाचा वाटा सर्वांत मोठा, 850 जागांचा होता. विषय निवडण्याचे अधिक स्वातंत्र्य हे या योजनेचे समर्थन होते. एकाच खोलीत एकच काम करणाऱ्या दोघांना निरनिराळे हक्क का, हा तिच्यावरील आक्षेप होता. या दोहोंतही तथ्य आहे. तथापि विषयाचे स्वातंत्र्य देण्यासाठी निवृत्तिवेतन काढून घेणे अपरिहार्य आहे, असे मात्र सिद्ध होत नाही.

आज नोकरीवर असलेल्या प्रोमोव्हेंडसला साधारणतः चार वर्षांचा करार, वार्षिक वेतनवाढ, 8 टक्के सुटीभत्ता आणि 8.3 टक्के वर्षअखेर भत्ता मिळतो. परंतु परदेशी सरकारांच्या शिष्यवृत्तीवर येणारे संशोधक आणि स्वखर्चाने प्रबंध लिहिणारे बाह्य उमेदवार या करारकक्षेबाहेरच राहतात. सभागृहात पदवीदानाच्या वेळी मात्र या सर्वांना एकाच नावाने संबोधिले जाते. नाव एक आणि हक्क अनेक, अशी ही स्थिती आहे. संज्ञेने हक्क ठरवू नयेत, केलेल्या कामाने ते ठरावेत, हे 2006 च्या निर्णयातील तत्त्व या उर्वरितांपर्यंत अद्याप पोहोचावयाचे आहे.