छोट्या व्हिडिओची कमाई

यूट्यूबने 2007 मध्ये निवडक निर्मात्यांसाठी भागीदारी योजना सुरू केली, तेव्हा उत्पन्नाचा हिशेब सरळ होता. जाहिरात ज्या व्हिडिओवर दिसली, त्याचा निर्माता तिच्या पैशात वाटेकरी. लांब व्हिडिओंसाठी निर्मात्याला 55 टक्के हा दर पुढे रूढ झाला. 2009 पासूनचे ‘मधुराज रेसिपी’ किंवा 2016 मध्ये आलेली ‘भाडिपा’ ही मराठी चॅनल्स याच व्यवस्थेत वाढली. काही सेकंदांच्या व्हिडिओला मात्र हा हिशेब लागू पडेना. सहा सेकंदांची गंमत पाहण्यासाठी आधी पंधरा सेकंदांची जाहिरात सोसायला कोणी तयार नसतो. जाहिरात मग दोन व्हिडिओंच्या मधल्या जागेत गेली, आणि ती नेमकी कोणाच्या व्हिडिओमुळे पाहिली गेली हे सांगता येईना. छोट्या व्हिडिओच्या कमाईचा पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

ट्विटरने जानेवारी 2013 मध्ये आणलेल्या ‘व्हाइन’ने तिच्याकडे काणाडोळा केला. व्हिडिओ सहा सेकंदांचा, प्रेक्षक कोट्यवधी, आणि निर्मात्याला कंपनीकडून काहीच नाही. तिथले आघाडीचे निर्माते शीतपेये आणि कपड्यांच्या कंपन्यांची कामे घेऊन कमवत. 2015 च्या अखेरीस त्यांच्यातल्या सुमारे वीस जणांनी कंपनीशी बोलणी केली आणि ठरावीक संख्येने व्हिडिओ देण्याच्या बदल्यात प्रत्येकी 12 लाख डॉलर मागितले. बोलणी फिसकटली आणि ही मंडळी यूट्यूब, इन्स्टाग्रामकडे वळली. ऑक्टोबर 2016 मध्ये व्हाइन बंद करण्याची घोषणा झाली. त्यामागे इतरही कारणे होती. पण ज्यांच्यामुळे लोक येत होते त्यांनाच रिकाम्या हाताने ठेवणे कंपनीला महागात पडले, हे उघड आहे.

भारतात छोटा व्हिडिओ रुजला तो स्वस्त डेटामुळे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि महिनाभर पुरवून वापरायचा डेटा दिवसात संपवणे परवडू लागले. चीनच्या बाइटडान्स कंपनीने नोव्हेंबर 2017 मध्ये ‘म्युझिकली’ विकत घेतले आणि ऑगस्ट 2018 मध्ये ते टिकटॉकमध्ये विलीन केले. ओठ हलवायला तयार गाणे, संकलन फोनमध्येच, आणि फॉलोअर नसले तरी व्हिडिओ अनोळखी लोकांपुढे जाण्याची सोय! नवख्याला एवढे पुरेसे होते. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचे सूरज चव्हाण याच काळात, कोणतेही पाठबळ नसताना, राज्यभर ओळखले जाऊ लागले. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी ‘बिग बॉस मराठी’चे पाचवे पर्व जिंकले.

व्ह्यूजवर जाहिरातीतला वाटा टिकटॉकही देत नव्हते. पैसा यायचा तो बाहेरून. मोठ्या शहरांत एजन्सीमार्फत ब्रँडची कामे मिळत, तर तालुक्याच्या गावी दुकानाचे उद्घाटन, गणेशोत्सव, दहीहंडी अशा ठिकाणी हजेरी लावण्याचे मानधन. ही सुपारी सिनेनटांना पूर्वापार मिळत आलेली होती. आता तिचा धाकटा भाव निघाला.

29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली 59 चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. टिकटॉक गेले आणि लाखोंनी जमवलेले फॉलोअर एका रात्रीत निरुपयोगी झाले. महिन्याच्या आतच टिकटॉकने अमेरिकेतल्या निर्मात्यांसाठी 20 कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. भारतीयांना त्यातली दमडीही दिसायची नव्हती. रिकाम्या जागेसाठी धावाधाव झाली. मोज, जोश, टकाटक ही देशी अ‍ॅप्स पुढे आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणले, आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी जगात सर्वप्रथम भारतातच सुरू केली.

आता निर्माते टिकवायचे तर पैसे देणे भाग होते, पण वाटणीचे सूत्र अजून कोणाला सापडले नव्हते. म्हणून बक्षिसी सुरू झाली. यूट्यूबने 2021-22 साठी 10 कोटी डॉलरचा शॉर्ट्स फंड काढला. निवडलेल्या निर्मात्याला महिन्याला 100 ते 10,000 डॉलर मिळत, भागीदारी योजनेत असण्याची अट नव्हती आणि सुरुवातीच्या देशांत भारत होता. इन्स्टाग्रामची बोनस योजना आमंत्रणावर चाले. तीही 2023 मध्ये आवरती घेण्यात आली. अशा रकमेवर महिन्याचा खर्च बांधता येत नाही. पुढच्या महिन्यात मिळेल की नाही, आणि मिळाली तर का मिळाली, हे घेणाऱ्यालाही कळत नसे.

सूत्र सापडले ते 1 फेब्रुवारी 2023 रोजी. त्या दिवसापासून शॉर्ट्सच्या मधे लागणाऱ्या जाहिरातींचे पैसे यूट्यूब एकत्र जमा करते. व्हिडिओत एक गाणे वापरले असेल तर त्याच्या व्ह्यूजच्या वाट्याची निम्मी रक्कम संगीताच्या हक्कांकडे जाते, दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश. उरलेला निधी निर्मात्यांमध्ये देशागणिक व्ह्यूजच्या प्रमाणात विभागला जातो आणि आपल्या वाट्याचे 45 टक्के निर्मात्याच्या हाती पडतात. भारतातल्या प्रेक्षकावर जाहिरातदार अमेरिकेच्या तुलनेत फारच कमी खर्च करतात, त्यामुळे मराठी शॉर्टला लाखो व्ह्यूज मिळूनही हाती येणारी रक्कम किरकोळ असते.

नवख्याची खरी कसोटी त्याआधीच लागते. जाहिरातीतल्या वाट्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात, म्हणजे रोज सरासरी एक लाख अकरा हजार. दुसरा मार्ग वर्षभरात 4,000 तासांच्या पाहणीचा. पण शॉर्ट्स फीडमधले तास त्यात धरले जात नाहीत. चॅनल एकदाचे ‘मॉनेटाइज’ झाले की अ‍ॅडसेन्सच्या खात्यात 10 डॉलर जमल्यावर पत्ता पडताळण्यासाठी सहा अंकी पिन टपालाने येतो. सगळा व्यवहार फोनवर, आणि कमाई अडलेली पोस्टमनच्या पिशवीतल्या लिफाफ्यापाशी! त्यानंतर 100 डॉलर पुरे झाल्याशिवाय बँकेत काही जमा होत नाही.

म्हणूनच बहुतेकांची पहिली कमाई व्ह्यूजची नसते. जवळच्या शहरातले साडीचे दुकान, मिसळीचे हॉटेल किंवा क्लासवाले इनबॉक्समध्ये दर विचारतात. एक रील, सोबत एक स्टोरी, दुकानाचे लोकेशन आणि कोलॅब पोस्ट असा सौदा ठरतो. सुरुवातीला पैशांऐवजी वस्तूच मिळते, त्याला ‘बार्टर’ म्हणतात. या उलाढालीकडे नियामकांचे लक्ष गेले ते थोडे उशिराने. जाहिरात मानक परिषदेच्या जून 2021 पासूनच्या नियमांनुसार मोबदला घेऊन केलेल्या पोस्टवर तसे ठळक लिहावे लागते, आणि वस्तू फुकट मिळाली असली तरी तो मोबदलाच. 1 जुलै 2022 पासून प्राप्तिकर कायद्याच्या 194आर कलमाने, एका देणाऱ्याकडून वर्षात 20,000 रुपयांहून अधिक किमतीचा लाभ झाल्यास 10 टक्के कर कापणे बंधनकारक झाले. प्रचारासाठी आलेला फोन परत केला तर हा कर लागत नाही. ठेवून घेतला तर लागतो.

शॉर्ट्सची कमाल लांबी ऑक्टोबर 2024 मध्ये एका मिनिटावरून तीन मिनिटांवर गेली. 31 मार्च 2025 पासून व्हिडिओ सुरू होताच एक व्ह्यू धरला जातो, त्यामुळे पडद्यावरचे आकडे फुगले. पैसे आणि पात्रता यांचा हिशेब मात्र वेगळ्या आकड्यावर होतो. केवळ सरकवत पुढे गेलेले प्रेक्षक त्यात धरलेले नसतात.