सेसनाला विंगलेट लावू का? माझी चूक आणि थोडा हिशोब

आज सुरुवात कबुलीने. मागच्या भागात मी बिनधास्त बोलून गेलो, की सेसना 172 सारख्या छोट्या विमानालाही विंगलेट लावले तर इंधन चांगलंच वाचेल. घरी जाऊन हिशोब मांडला आणि गप्पच बसलो.

आधी मागचा इतिहास बघू. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. म्हणून टोकाशी खालची हवा वळसा घालून वर येते आणि मागे भोवरा सुटतो. त्या भोवऱ्याचा खर्च इंजिन भरतं. याला म्हणतात इंड्यूस्ड ड्रॅग. इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी 1897 मध्येच पंखाच्या टोकाला उभी फळी लावायचं पेटंट घेतलं. राइट बंधू उडायला अजून सहा वर्षं होती! पण नुसती फळी स्वतःच हवेला अडवते. नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम यांनी 1970 च्या दशकात तिला नीट पंखासारखा आकार दिला. 1973 चं तेलसंकट नुकतंच येऊन गेलेलं, त्यामुळे सगळ्यांचे कान टवकारले. 1979-80 मध्ये केसी-135 या भल्यामोठ्या जेटवर चाचण्या झाल्या आणि सुमारे साडेसहा टक्के इंधन वाचलं.

मी हाच आकडा उचलून सेसनाला चिकटवला होता. तिथेच गंडलो.

इंड्यूस्ड ड्रॅग वेग वाढला की झपाट्याने कमी होतो. 172 चा सर्वात लांब तरंगत जाण्याचा वेग साधारण 68 नॉट्स. तिथे हा ड्रॅग एकूण ड्रॅगच्या जवळपास निम्मा असतो. पण आपण उडतो 110 च्या आसपास. तिथे तो उरतो दहा-बारा टक्के. विंगलेटने त्यातला अगदी पाचवा हिस्सा कापला, तरी एकूण फायदा दोन-अडीच टक्क्यांच्या वर जाता जात नाही. त्यातून विंगलेटचं वजन आणि त्याचं स्वतःचं घर्षण वजा करा. हातात काय राहिलं?

आता कुणी म्हणेल, बर्ट रुटान यांच्या व्हॅरीझला 1975 मध्येच विंगलेट होते की! होते, पण तिथे रडरही त्यांच्यावरच होते, म्हणजे शेपटीचं कामही तेच करायचे. सेसनाला वेगळी शेपटी आहे.

आणि खरी गंमत पुढे आहे. व्हिटकॉम यांनी तुलना केली होती ती पंखाच्या बुडावर तितकाच ताण येईल असं धरून. त्या अटीत पंख लांबवण्यापेक्षा विंगलेट सरस ठरलं. पण 172 चा पंख वर असतो आणि खालून तिरका दांडा, म्हणजे स्ट्रट, त्याचा बराच भार पेलतो. शिवाय 11 मीटरच्या पंखाला एअरपोर्टच्या गेटवर जागेची मारामारीही नाही. मग तेवढंच सामान उभं करण्याऐवजी आडवं लावून पंखच थोडा लांबवला तर?

हां, जड सामान घेऊन, हळू वेगात, उंचावरच्या धावपट्टीवरून चढायचं असेल तर गणित बदलतं. तिथे इंड्यूस्ड ड्रॅगच जास्त असतो, आणि चढाईत थोडासा फरकही जाणवतो. तेव्हा मागच्या भागातलं माझं वाक्य एवढ्यापुरतंच धरा, बाकीचं खोडून टाका.