राजमार्ग आणि वस्ती : चारठाण्याच्या निमित्तानें

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत चारठाणा हें पुरातन गांव आहे. तेथील यादवकालीन देवालयें, बारव व नक्षीदार स्तंभ हीं संशोधकांस परिचितच आहेत. जिंतुराहून जालन्याकडे जाणाऱ्या वाटेवरील या स्थळीं उभें राहिलें असतां सहज प्रश्न उद्भवतो कीं, मार्ग व घरें यांच्या परस्परसंबंधाविषयीं आपल्याकडे नियम तरी काय होते?

कौटिल्याचा कटाक्ष मार्ग मोकळा ठेवण्यावर आहे. रथ्या चार दंडांची, राजमार्ग आठ दंडांचा, असें माप त्यानें दिलें आहे. माणसांची व क्षुद्र पशूंची वाट अडविणारास १२ पण, तर राष्ट्रपथ अडविणारास १००० पण दंड सांगितला आहे. उलट शुक्रनीतींत, तिचा काळ वादग्रस्त असला तरी, घरें राजमार्गाकडे तोंड करून दुतर्फा बांधावींत असें विधान आहे. एक मत घरांस मार्गापासून आवरतें, दुसरें त्यांस मार्गावर बोलावतें.

मराठेशाहींत दुसऱ्या मतास कौलाचें रूप आलें. नवी पेठ वसवावयाची झाल्यास सरकार कौल देई, व येणाऱ्या उदमी-कारागिरांस कांहीं वर्षें कर माफ करी. सवलत देऊन वस्ती ओढून आणावी, हेंच त्यांतील मर्म.

अर्वाचीन कायद्यांतही हे दोन्ही प्रवाह दिसतात. १९५५ च्या मुंबई महामार्ग अधिनियमानें इमारत-रेषा व नियंत्रण-रेषा आंखून घरांस मागें सारलें. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलींत मात्र पुणें मेट्रोच्या स्थानकांभोंवतीं ५०० मीटरांच्या आंत, रस्त्याची रुंदी व भूखंडाचें क्षेत्र पाहून, चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देऊं केला आहे. हा नवा कौलच होय. माफी कराऐवजीं मजल्यांची, इतकाच भेद.

परंतु जुन्या कौलांत पेठेची जागा व चतुःसीमा नमूद होत असे. मार्ग रुंद होतात, वस्ती सरकते, आणि पूर्वीची हद्द अखेर कागदावरच उरते. म्हणून चारठाणें परिसरांतील देशमुख, देशपांडे व कुळकर्णी घराण्यांच्या दप्तरांत कौल, महजर किंवा शिवेचे निवाडे असल्यास संग्राहकांनीं त्यांच्या नकला वेळींच करून घ्याव्यात, अशी विनंती आहे. देवालयाचा पडलेला दगड पुन्हां उभा करतां येईल. वाळवीनें खाल्लेली हद्द पुन्हां आंखतां येणार नाहीं.